काटा सातवर

रात्री सव्वादहाला सुरू होते.
पहिल्यांदा वाटलं, सेटच गेला
मोदी नंबर दोनमधून घेतलेला, जुना, वजनदार.
काटा सातवर जाऊन बसतो
आणि कामठीचा डोमाजी उईके
पिठाच्या गिरणीत उभा राहून बोलल्यासारखा
अर्धामुर्धा येतो:
"...पासून... रात्री जास्त... ओव्हर."
मी म्हणतो, बरं, बरं.

कोराडीत अठ्ठावीस वर्षं पॅनलसमोर काढली.
पन्नास हर्ट्झची गुणगुण मी झोपेतही ओळखतो.
ही ती नव्हे.
ही येते, ओसरते, येते,
कुणी सुपात रेती पाखडावी तशी.

आधी घर तपासायचं.
मेन स्विच पाडला, सेट बॅटरीवर घेतला.
अंधारातून बायको म्हणाली,
"कूलर काऊन बंद केला?"
शेचाळीस डिग्रीच्या दिवसाची रात्र,
भिंती अजून तव्यासारख्या.
काटा सातचा सहा झाला.
म्हणजे एक आपला, सहा परके.

आपला सापडला: पोरानं आणलेला चार्जर,
हातात घेतला तर पिसासारखा.
पोटात काही असतं तर गप्प बसला असता.

अर्थिंगच्या खड्ड्यात वाकून पाहिलं.
माती तडकलेली, तार कोरडीठाक.
कोळसा टाकला, खडेमीठ, वरून दोन बादल्या पाणी.
त्या दोन बादल्यांवरून घरात बोलणं झालं,
नळ दिवसाआड येतो.
काटा अर्धं घर उतरला.

मग खिशातला ट्रान्झिस्टर घेऊन गल्लीत.
हिशेब उलटा असतो:
टोक जिकडे केल्यावर आवाज मरतो
तिकडेच त्याचं घर.
डीपीच्या खांबाखाली फिरलो,
बोरकुटेंच्या कॅमेऱ्याखाली फिरलो,
कुत्री मागे, त्यांना वाटलं खायला आहे.
इस्त्रीवाला खाटेवर उठून बसला.
"काय शोधून राहिले काका?"
"आवाज."
"गाणं?"
"नाही रे. गाण्याच्या मधला."

नंदागवळींच्या फाटकाशी तो मेला.

त्यांची रुचिरा बाळंतपणाला आली आहे.
एकोणीस दिवसांचं पोर,
आणि जावयानं पाठवलेला मोटरचा पाळणा.
पाळणा जातो, खर्र.
येतो, खर्र.
मी ट्रान्झिस्टर हातात धरून
दुसऱ्याच्या खोलीच्या दारात, रात्री अकराला.
"बंद करू का काका?"
पोराची मूठ गालाखाली होती.
म्हटलं, राहू दे.

सकाळी मेलेल्या मॉनिटरच्या वायरीवरचं
ते काळं गाठोडं ब्लेडनं चिरलं.
आतून कडं निघालं, कोळशासारखं, ठिसूळ.
पाळण्याच्या वायरीचे सात वेढे त्यातून,
प्लगच्या अगदी जवळ.
रुचिरानं चहा दिला. तिच्या आईनं विचारलं,
यानं पोराला काही होत नाही ना?

काटा दोनवर आला.
शून्य मी कोराडीतही पाहिलं नाही.

"डोमाजी, आज तू साफ येऊन राहिला. ओव्हर."
"मग? काय म्हणतं नागपूर? ओव्हर."
एवढ्या खटपटीनंतर
दोघांकडेही काही नव्हतं.
जेवला का. जेवलो. कशाची भाजी. वांग्याची.

आणि वांग्याच्या नंतर,
ओव्हरच्या आधी,
एक बारीक खरखर.
मी काट्याकडे पाहिलं.
तो डोमाजीच्या आवाजावर पाचला, ढिम्म.
पुन्हा आली.
माझ्या घरची नव्हती,
नंदागवळींची नव्हती,
तिला घालायला कडं नव्हतं.

"खोकला कव्हाचा रे तुझा? ओव्हर."

थोडा वेळ नुसता वारा.

"होळीपासून सांगून राहिलो ना बाप्पा.
तू म्हणे, बरं, बरं. ओव्हर."

मी बटण दाबलं.
बटण दाबलेलं असलं की तिकडचं ऐकू येत नाही.
बोट उचललं.